कुत्रा-मांजर आजारी आहे हे कसं ओळखायचं आणि डॉक्टरकडे कधी पळायचं

कुत्र्या-मांजरांना बोलता येत नाही हे तर आहेच, पण त्याहून अवघड म्हणजे ते दुखणं लपवतात, मांजर तर फारच. त्यामुळे आपल्याला लक्षात येतं तोवर बऱ्याचदा आजार दोन-तीन दिवस जुना झालेला असतो. म्हणून पहिलं काम प्राणी ठणठणीत असतानाच करायचं, त्याचं रोजचं नॉर्मल काय आहे ते बघून ठेवायचं. किती खातो, किती पाणी पितो, शी-शू किती वेळा, झोपतो कुठे. रोज दारात येणारी मांजर दिवसभर पलंगाखालून बाहेरच आली नाही, तर ते लक्षणच समजा.

आता घरी काय तपासायचं. ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या पांढऱ्या फटक असतील तर रक्त कमी झालंय किंवा आत कुठेतरी रक्तस्राव होतोय, पिवळ्या असतील तर कावीळ, निळसर असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. दुसरं म्हणजे श्वास, गाढ झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा, साधारण ३० च्या आत हवं, सतत ४० च्या वर जात असेल तर दाखवून घ्या.

आणि ताप. नाक कोरडं म्हणजे ताप हे आपल्याकडे सगळेच सांगतात पण त्यावर अजिबात जाऊ नका, निरोगी कुत्र्याचं नाकही झोपून उठल्यावर कोरडं असतं. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून हळूच गुदद्वारात घालून बघायचं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, म्हणजे माणसाचा ताप तो त्यांचा नॉर्मल. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टर.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास गोचीड तापाचा. कुत्रा मलूल होतो, जेवण सोडतो, ताप येतो-जातो, आणि लोकांना वाटतं हवा बदललीय, होईल बरा. पण यात प्लेटलेट्स उतरतात, काहींना नाकातून रक्त येतं, पोटावर लाल बारीक ठिपके दिसतात, एका प्रकारात लघवी कॉफीसारखी गडद होते. अंगावर गोचीड सापडली नाही म्हणून हा ताप नाही असं धरू नका, ती चावून पडून गेलेली असू शकते. रक्त तपासा म्हणून स्वतः डॉक्टरांना सांगा. औषध सुरू केल्यावर कुत्रा दोन-तीन दिवसांत उड्या मारायला लागला तरी गोळ्या मध्येच बंद करू नका, कोर्स बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांचा असतो.

पिल्लू असेल, लस झालेली नसेल आणि उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ घाण वासाची रक्ताची शी, तर पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो. इथे दहीभात, ओआरएस असले प्रयोग करत रात्र काढू नका, पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं, त्याला सलाईनच लागतं. मोठा कुत्रा एकदा ओकला आणि नंतर खेळतोय-पाणी पितोय तर एक दिवस लक्ष ठेवलं तरी चालेल.

सकाळची वाट बघायचीच नाही अशा गोष्टी वेगळ्या. बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभरच किंवा होतच नाही, लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे, पण मूत्रमार्ग अडकलेला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलंय आणि उलटीचा जोर करूनही काहीच पडत नाही. झटके थांबत नाहीत. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत सुस्त झाली, खूप पाणी पितेय, कधी पू जातोय कधी जातही नाही, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. आणि मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तेही साधं नाही, विशेषतः जाड मांजराचं लिव्हर त्यानेच बिघडतं.

एक कळकळीने सांगते, घरातली माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते आणि आयबुप्रोफेनने कुत्र्यांची किडनी जाते.

रात्री कुठलं क्लिनिक उघडं असतं ते आजच फोन करून विचारून ठेवा. मुंबईकरांना परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल माहीत असतं, पण छोट्या गावात पशुवैद्यकीय दवाखाना किती वाजता बंद होतो आणि नंतर कोण येऊ शकतं हे आधीच माहीत हवं. निघताना उलटीचा-शीचा फोटो घ्या, विचित्र चालतोय किंवा श्वास घेतोय त्याचा व्हिडिओ काढा (क्लिनिकमध्ये गेल्यावर घाबरून तो एकदम सरळ वागतो), काही विषारी खाल्लंय असं वाटलं तर त्याचं पाकीट सोबत न्या, लसीचं कार्ड न्या आणि शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लघवी कधी झाली हे कागदावर लिहून न्या.