दारूच्या दुकानाच्या परवाना नूतनीकरणाला हरकत कशी घ्यावी?

आमच्या नेरूळच्या सोसायटीने पहिला अर्ज दिला तो एप्रिलमध्ये. एकशे चाळीस सह्या, आणि दारूने संसार कसे उद्ध्वस्त होतात यावर दीड पान. परवान्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘‘नूतनीकरण झालंय. आणि दारू विकणं हाच तर त्यांचा परवाना आहे.’’ राग आला, पण बोलले ते खरंच होतं.

परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. हरकती मागवायला कुणी तुमच्या गेटवर नोटीस लावणार नाही. म्हणून दिवाळी उरकली की कामाला लागा आणि जानेवारीत अर्ज आत गेला पाहिजे असं धरून चाला.

आधी परवाना कुठला ते पाहा. वाइन शॉप म्हणजे एफएल-२, परमिट रूम एफएल-३, बिअर शॉपी एफएल/बीआर-२, देशीचं दुकान सीएल-३. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. जिल्हाही तपासा. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, म्हणजे जिल्हाधिकारी अलिबागला. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनाभर फिरत राहतो.

मग राज्य उत्पादन शुल्क (दारूचे परवाने बघणारं खातं) अधीक्षकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. मागायचं एवढंच: परवान्याची आणि अटींची प्रत, मंजूर नकाशा, परवाना कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि गेल्या तीन वर्षांतले तपासणी अहवाल व नोंदवलेले नियमभंग. नकाशा हातात आला की कळतं, मागच्या बाजूची ती खिडकी, जिथून रात्री बाटल्या बाहेर येतात, ती मंजूर आहे की नाही.

अंतराच्या मुद्द्यावर फार उड्या मारू नका. परमिट रूम शाळा किंवा धार्मिक स्थळापासून ७५ मीटरच्या आत नको हे खरं, पण अंतर मोजतात पायी जायच्या वाटेने, दारापासून गेटापर्यंत. नकाशावर पट्टी ठेवून नाही. देऊळ नोंदणीकृत ट्रस्टचं लागतं. कोपऱ्यावरची शेंदूर फासलेली घुमटी धरत नाहीत. आणि शाळा परवान्यानंतर आली असेल तर मुद्दाच संपला. महामार्गापासून ५०० मीटरचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही लोक हमखास पुढे करतात. जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या दुकानांना त्याने बंदी नाही. दारूच्या दुकानाला सोसायटीची ना-हरकत लागेल अशी जी घोषणा अजित पवारांनी मार्च २०२५ मध्ये विधानसभेत केली, ती नव्या दुकानांसाठी. जुन्या दुकानाच्या नूतनीकरणात तिचा आधार घेऊ नका.

चालतं ते अटींचं उल्लंघन. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ५४ खाली अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. त्यासाठी लागते वही. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ती ठेवली, दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानांपासून. एक नोंद अशी: ‘‘१४ नोव्हें., रात्री ११.१०. शटर अर्धं खाली, विक्री चालू. सहा जण फुटपाथवर, प्लास्टिकचे ग्लास. फोटो २. पोलिसांना ११२ वर फोन केला.’’ अशा एकोणतीस नोंदी झाल्या. वाइन शॉपमध्ये बसून प्यायची सोय नसते, म्हणून फुटपाथवरचा हा बार दुकानाला जड जातो. २५ वर्षांखालच्याला कडक दारू विकलेली दिसली तर तेही लिहा. फक्त फोटोसाठी दुकानात घुसून हुज्जत घालू नका.

अर्ज एक पानाचा, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत अधीक्षकांना आणि स्थानिक पोलीस ठाण्याला. विषयात परवाना क्रमांक. मजकूर असा सुरू करा: ‘‘सदर अनुज्ञप्तीच्या पुढील अटींचा भंग सोबतच्या तक्त्यातील तारखांना झाला आहे. नूतनीकरणापूर्वी चौकशी करून आम्हांस सुनावणी द्यावी.’’ खाली तक्ता, सोसायटीच्या ठरावाची प्रत आणि सह्या फ्लॅट नंबरासकट. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

पंधरा दिवस काही हललं नाही तर ठाण्यात कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिनाला, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, जायची तयारी ठेवा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे जानेवारीतच हिशेब मांडा. निरीक्षक पाहणीला आले की वही ठेवणारी व्यक्ती घरी हवी. आमच्या वेळी काकू नेमक्या डोंबिवलीला लेकीकडे, आणि पाहणी पुढच्या आठवड्यावर गेली.

दुकानच बंद करायचं असेल तर वाट वेगळी: आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करण्यासाठी मतदान. २००८ च्या आदेशानुसार वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्क्यांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. एका सोसायटीच्या बळावर ते होत नाही. शेजारचे बचत गट आणि महिला मंडळं आधीच सोबत घ्या. सह्या मतदार यादीतल्या नावाप्रमाणेच हव्यात, नाहीतर पडताळणीत निम्म्या गळतात.

नूतनीकरण झालंच तर आदेशाची प्रत मागा आणि वकिलाला दाखवून उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपिलाचं लगेच पाहा. वही मात्र चालू ठेवा. आमच्या दुकानाला परवाना मिळाला, पण मागची खिडकी विटांनी बुजवली. काकूंच्या वहीत त्याचीही तारीख आहे.