उपनगरी रेल्वे स्थानकाचे वय कसे ओळखावे

उपनगरी स्थानकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी की, स्थानक सुरू झाल्याचे वर्ष आणि आज उभ्या असलेल्या इमारतीचे वर्ष पुष्कळदा वेगवेगळे असते. गाड्या लांबल्या, गर्दी वाढली, विद्युतीकरण आले, की जुन्या बांधकामाला नवे जोडले जाते. म्हणून शोध घ्यायचा तो या सांध्यांचा. कोनशिलेवर मी सर्वांत कमी विसंबतो, कारण ती कित्येकदा नूतनीकरणाची असते.

पाहणी गर्दी ओसरल्यावर, स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन, फलाटाच्या छपराखालून सुरू करावी. जुने खांब बहुधा बिडाचे आणि आतून पोकळ असतात. छपरावरचे पावसाचे पाणी काही ठिकाणी त्या पोकळीतूनच खाली सोडलेले असते. खांबाच्या पायथ्याशी बॅटरीचा उजेड आडवा धरावा, म्हणजे रंगाच्या थरांखाली दबलेले ओतशाळेचे नाव असल्यास वाचता येते. तो पायथाच फलाटात बुडालेला असेल, तर फलाटाची उंची मागाहून वाढवली आहे असे समजावे.

खांब म्हणून जुना रूळ उभा केला असेल, तर त्याच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव आणि वर्ष उठावात सापडू शकते. येथे घाई करू नये. रूळ सहसा आधी मार्गावर झिजतो आणि मग खांब होतो. त्यामुळे त्यावर १८९० असे वाचले, तरी तो खांब त्याआधी उभा राहिलेला नाही, एवढेच सिद्ध होते.

फलाटाची कड टोकापर्यंत चालून पाहावी. दगड संपून काँक्रीट लागते तेथे बहुधा वाढीव डब्यांसाठी केलेली लांबी सुरू होते.

दर्शनी भाग पाहताना शैलीमागचे कारण शोधावे. लंडनमध्ये १९०६-०७ साली सुरू झालेल्या, वास्तुविशारद लेस्ली ग्रीन यांच्या भुयारी रेल्वे स्थानकांना गडद लाल, चकचकीत फरशा आहेत. पण त्यांचा पोलादी सांगाडा आणि सपाट छत वर पुढे कार्यालये बांधता यावीत म्हणून योजलेले होते.

शेवटी जुनी वेळापत्रके क्रमाने चाळावीत. स्थानकाचे नाव नसलेले शेवटचे आणि नाव असलेले पहिले वेळापत्रक मिळाले, की सुरुवातीचा काळ त्या दोहोंमध्ये पकडता येतो.