शुक्रवारच्या पाइंटची तयारी मंगळवारी

शुक्रवारी संध्याकाळी पाचला कास्क बिअरचा, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरचा, पहिला पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) द्यायचा असेल, तर पिंप मंगळवारीच तळघरात आलेलं हवं. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या एका छोट्या पबचं तळघर मी सांभाळतो. शिकायला आलेली आपली मुलं इथे संध्याकाळच्या पाळीला लागली, की त्यांना आधी हे उलटं मोजायला शिकवतो. केगची, म्हणजे गॅसच्या दाबाने ओतायच्या बंद पिंपातली, बिअर जोडली की लगेच ओतता येते. कास्कमध्ये यीस्ट जिवंत असतं, त्याचं काम पिंपातच चालू असतं, त्याला वेळ द्यावाच लागतो.

मागवण्याआधी आपला खप बघा. एक फर्किन, म्हणजे नेहमीच्या मापाचं पिंप, ९ गॅलनचं, ७२ पाइंटचं. विक्री सुरू झाली की तीन दिवसांत ते संपायला हवं, म्हणजे दिवसाला २४ पाइंट. तेवढे जात नसतील तर निम्म्या मापाचं पिन घ्या. काउंटरवर बिअर ओढायच्या हँडपंपांची रांग दिसावी म्हणून चार-चार पिंपं उघडून ठेवणं मला अजिबात पटत नाही. दोनच ठेवा, पण ताजी.

पिंप यायच्या आधी तळघर ११ ते १३ अंशांवर आलेलं असू द्या. फार गार झालं तर बिअर धूसर दिसते. उबदार राहिलं तर गॅस उडून ती मिळमिळीत होते आणि लवकर आंबते. फरशी धुतलेली हवी, आणि स्वयंपाकघरातल्या कांदे-बटाट्यांना इथे जागा नाही. केगसाठीचे गॅसचे सिलिंडर तळघरातच असतील तर हवा खेळती ठेवा. कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली साठतो. डोकं जड झालं किंवा धाप लागली तर हातातलं काम टाकून वर या.

पिंप आलं की तारीख बघा, एकदा लोळवून घ्या आणि स्टिलेजवर, म्हणजे आपल्या घडवंचीसारख्या चौकटीवर, आडवं ठेवा. शाइव्ह, म्हणजे पिंपाच्या पोटावरचं बूच, वर; कीस्टोन, म्हणजे नळ ठोकायचं बूच, पुढे खालच्या अंगाला. तीन पाचरी मारून ते घट्ट बसवा आणि मग हलवू नका. लोळवल्याने आतलं फायनिंग, म्हणजे बिअर निवळवणारा पदार्थ, सगळीकडे पसरतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होतं तसंच इथे होतं: यीस्ट एकत्र येऊन पिंपाच्या पोटात बसतं. हे फायनिंग बहुधा माशाच्या वाताशयापासून केलेलं असतं. त्यामुळे कोणी शाकाहारी गिऱ्हाईक विचारेल, तर अंदाजाने उत्तर देऊ नका, ब्रुअरीचं लेबल वाचून सांगा.

काही तासांनी शाइव्ह पुसून मधल्या टिकलीतून मऊ खुंटी मोगरीने ठोका. फस्स करून फेस उसळेल, हाताशी फडकं ठेवा. जास्तीचा गॅस या सच्छिद्र लाकडातून हळूहळू निघून जातो. खुंटीवरचा फेस पुसा आणि परत येतो का ते बघत बसा. पटकन बुडबुडे आले तर अजून थांबायचं. खुंटी चोंदली तर बदलायची. उसळी मंदावली की कडक खुंटी लावून उरलेला गॅस आत राखायचा. यात घड्याळापेक्षा त्या फेसाकडे लक्ष द्यावं, कारण प्रत्येक पिंपाचा स्वभाव वेगळा.

गुरुवारी नळ. तो धुतलेला आहे, बंद आहे, हे दोनदा तपासा. कीस्टोन पुसा, नळ सरळ धरा आणि मोगरीचा एकच ठाम घाव घाला. भीत भीत ठोकलं की बिअर अंगावर येते. शुक्रवारी दुपारी ग्लासभर काढून उजेडात धरा, वास घ्या, चव घ्या. निवळली नसेल तर विकू नका, फळ्यावर त्या बिअरचं नाव लागलं असलं तरी.

पिंपापासून पंपापर्यंतच्या नळीची सफाई आठवड्याला एकदा, सफाईचं औषध घालून, मग साध्या पाण्याने भरपूर. रात्रभर नळीत राहिलेली बिअर सकाळी काढून टाका. विक्रीआधी कडक खुंटी सैल करा, बंद करताना परत बसवा. एका शनिवारी मी ती सैल करायला विसरलो. पंप ओढताना पिंपात हवा शिरेना, बिअर अडखळत आली, गाळ ढवळला गेला आणि पुढचे सगळे पाइंट गढूळ. ते मी ओतून दिले, गिऱ्हाइकांची माफी मागितली.

मापपट्टी घालून निम्मी बिअर उरलेली दिसली, की रात्री पब बंद झाल्यावर पिंपाची मागची बाजू अगदी सावकाश उचलून पाचर सरकवा, म्हणजे सकाळपर्यंत सगळं पुन्हा स्थिर होईल. तळाचे दोन-तीन पाइंट गाळापायी जाणारच, ते पिळून काढायला जाऊ नका. रिकाम्या पिंपाची दोन्ही भोकं बुचाने बंद करून ते दाराशी ठेवा, ब्रुअरीची गाडी परत न्यायला येते.