कामगार वारल्यावर शेवटचा पगार: नोंदीतल्या या चुका टाळा

हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगचं पगारपत्रक मी करतो. ऐन हंगामात, महिन्याच्या १८ तारखेला पहाटे तिथला फिटर हार्ट अटॅकनं गेला. तेरवीनंतर त्याची बायको पासबुक कॅरीबॅगमध्ये गुंडाळून आली. "भाऊ, त्याईचा पगार माह्या खात्यात टाकता का?" मालक भला माणूस. खिशातून रोख दिली अन् मला म्हणाला, "मदत म्हणून लिहून टाक."

मदत कशाची? १७ दिवस त्यानं घाम गाळला होता. मदत लिहिली की त्या महिन्याच्या ईसीआरमध्ये, म्हणजे पीएफच्या मासिक ऑनलाइन विवरणात, पगार शून्य जातो आणि मालकाच्या हिश्शासकट पीएफ बुडतो. ते १७ दिवस त्याच्याच नावावर, त्याच्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) दाखवा. पैसे मात्र नॉमिनीच्या खात्यात, बँकेतूनच द्या.

त्यापुढची चूक माझी. पीएफच्या पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख टाकताना कारण 'मृत्यू' न निवडता मी सवयीनं 'नोकरी सोडली' निवडलं. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबत असलेला, कमाल ७ लाखांचा विमा वारसांना मिळतो. तो क्लेमच परत आला. जॉइंट डिक्लरेशन (पीएफ नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज) देऊन दुरुस्ती होईस्तोवर फिटरच्या बायकोनं पोराच्या फीसाठी उसने पैसे काढले. आजही ते कारण निवडताना मी मृत्यूचा दाखला समोर ठेवतो.

जिनिंगच्या मजुराचा टीडीएस सहसा कापला जात नाही, पण मॅनेजर किंवा प्राध्यापक असेल तर पॅन सांभाळा. मृत्यूच्या तारखेपर्यंतचा पगार त्याचंच उत्पन्न, म्हणून टीडीएसही त्याच्याच पॅनवर. बायकोच्या पॅनवर टीडीएस दाखवला असेल तर तिमाही रिटर्नची दुरुस्ती भरा. वारसानं आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून मृताचं आयकर रिटर्न भरायचं असतं. रिफंड येण्याआधी पॅन रद्द करायची घाई नको. शिल्लक रजेचे वारसांना दिलेले पैसे करपात्र नाहीत, १९८१ चं परिपत्रकच आहे. त्यावर कर कापू नका.

"पाच वर्षं झाली नाहीत" म्हणून ग्रॅच्युइटी नाकारणारेही भेटतात. मृत्यूच्या बाबतीत ती अट नाहीच.

आणि नॉमिनेशनच नसेल तर? दारात आलेल्या भावाच्या हातात रोख ठेवू नका, तो कितीही रडला तरी. उद्या बायको-पोरं उभी राहिली की पगार दुसऱ्यांदा द्यावा लागू शकतो. अशी रक्कम कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करा आणि पावती त्या महिन्याच्या पगारपत्रकालाच टाचून ठेवा.