सांगलीतला 'ब्लॅक स्पॉट' कागदावर कसा पकडायचा

'ब्लॅक स्पॉट' म्हणजे पुन्हापुन्हा गंभीर अपघात होणारी जागा. पण अपघाताची कुठलीही फिर्याद उघडा, कारण ठरलेलं: 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने वाहन चालवून'. ही कलमात बसवायची भाषा. रस्त्याचं दुखणं समजतं ते स्थळ पंचनाम्यातून.

पोलीस ठाण्यात माहिती अधिकाराचा अर्ज द्या (फी १० रुपये, मुदत ३० दिवस). मागच्या ३ वर्षांतल्या अपघातांची यादी आणि पंचनाम्यांच्या प्रती मागा. माणसांची नावं नकोत असं स्पष्ट लिहा. 'अपघात घडल्याची वेळ' हे शब्द घालाच, नाहीतर गुन्हा दाखल झाल्याची वेळ हातात पडते आणि संध्याकाळचा अपघात मध्यरात्रीचा होतो. तपास चालू असलेल्या प्रती बहुधा मिळत नाहीत.

'विश्रामबागजवळ' एवढ्यावर नकाशा होत नाही. पंचनाम्यात खांबापासून, दुकानापासून अंतर दिलेलं असतं; तिथं उभं राहून मोबाईलवर लोकेशन घ्या. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू, हा राष्ट्रीय महामार्गांवर 'ब्लॅक स्पॉट' ठरवायचा निकष. शहरातल्या रस्त्यालाही मोजपट्टी म्हणून तोच लावा.

आता प्रत्येक धडकेत वाहनं कुठून कुठे चालली होती ते बाणांनी काढा. काटकोनातल्या धडका जमल्या तर चौकात समोरचं दिसतंय का बघा: फलक, हातगाडे, उभ्या गाड्या. समोरासमोरच्या असतील तर दुभाजकातली फट लांब पडते म्हणून लोक उलटे येतायत का, ते तासभर थांबून मोजा.

मागून बसलेल्या धडका मात्र महिन्यांप्रमाणे वेगळ्या काढा. गळीत हंगामात त्या वाढल्या असतील तर उसाच्या ट्रॉल्यांकडे बघा. बाहेर आलेला ऊस मागचे दिवे झाकतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखतो. ताशी ६० किमीवरची मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर संपले. पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावरही २० ते २५ मीटर लागतात. डिपरच्या उजेडात काळपट ट्रॉली तेवढ्या लांबून दिसतच नाही. मग स्वार 'भरधाव' ठरतो! यावर उपाय मागायचा तो ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूला पिवळ्या परावर्तक पट्टीचा, आणि तोही कारखान्याच्या गेटवर तपासणीसह.

नकाशा, बाणांची आकृती आणि फोटो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या, पोच घ्या. गतिरोधक मागणार असाल तर माप लिहून मागा: गोल, ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, पट्टे रंगवलेला. नाहीतर रातोरात डांबराचा उंचवटा पडतो आणि पुढच्या यादीत 'घसरून पडला' हा नवा प्रकार सुरू होतो.