वीरगळ, गधेगळ, शिलालेख साफ करताना या चुका टाळा

पावसाळा सरला की गावोगावच्या मोहिमा सुरू होतात. रविवारी सकाळी पोरं घमेली, पहारी, ब्रश घेऊन निघतात, मारुतीच्या पाराजवळ नाहीतर पडक्या शिवालयाच्या आवारात रुतलेले दगड मोकळे करतात: वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, गधेगळ म्हणजे दानाचा लेख आणि ते मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेला दगड. आपल्या गावचा इतिहास जपायची त्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. सातशे-आठशे वर्षं ऊन-पाऊस सोसून टिकलेला दगड एका उत्साही रविवारी कायमचा बिघडलेला मी पुन्हा पुन्हा पाहतो आहे, आणि चुका दर ठिकाणी त्याच असतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अक्षरांत रंग भरणं. लेख पुसट असतो, फोटोत वाचता येत नाही, म्हणून कोणीतरी पांढरा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश घेऊन बसतं. रायगड जिल्ह्यातल्या एका गावात असाच एक गधेगळ होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये दहा-बारा ओळींचा लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचं ते गाढवाचं शिल्प. रंग लागण्याआधीचे त्याचे फोटो माझ्याकडे होते, म्हणून तुलना तरी करता आली.

यादवकाळातल्या देवनागरीत ‘ए’ची मात्रा बऱ्याचदा अक्षराच्या डोक्यावर नसते, ती अक्षराच्या डाव्या बाजूला उभ्या रेघेसारखी असते. तिला पृष्ठमात्रा म्हणतात. रंगवणाऱ्याला ती माहीत नव्हती. त्याने ती रेघ आधीच्या अक्षराचा काना समजून रंगवली आणि पहिल्याच ओळीत ‘शके’चं ‘शाक’ झालं. पुढे वर्षाच्या आकड्यात एकाचा नऊ झाला. दान देणाऱ्याच्या नावातलं एक जोडाक्षर फुटलं. दगडातल्या एका टवक्यालाही अनुस्वार समजून रंगवलं होतं. मग तो फोटो सगळीकडे फिरला आणि त्यावरून वाचन करणाऱ्यांनी त्या रंगाऱ्याचं वाचन वाचलं, मूळ लेख नाही. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की सन निघतो. इथे आकडाच चुकलेला, त्यामुळे लेख ८० वर्षांनी पुढे सरकला. शेजारी संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं, नाव कोरलेलं होतं, ते त्या आकड्याशी जुळेना, तेव्हा कुठे शंका आली.

त्यानंतर कोणीतरी थिनर आणला. रंग विरघळला आणि दगडाच्या छिद्रांत उतरला. आज त्या गधेगळाचा अख्खा दर्शनी भाग दुधट झाला आहे, अक्षर आणि पृष्ठभाग यांतला फरक उरलेला नाही.

अक्षरं गेली की काय होतं, ते बोरिवलीजवळच्या एकसरला जाऊन पाहा. तिथल्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, पण लेख झिजून गेलेत. अनेक अभ्यासक ती लढाई कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांची मानतात, काहींना वीरगळ त्याहून आधीचे वाटतात. एक ओळ शिल्लक असती तरी हा प्रश्न सुटला असता. तिथे काळाने नेलं. आपण हातात ब्रश घेऊन तेच करायचं का?

रंगाऐवजी उजेड वापरा. मी दिवसा लेख वाचायच्या फंदातच पडत नाही. अंधार पडल्यावर जातो, टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरतो. तिरका प्रकाश पडला की खोदलेल्या रेघेत सावली बसते आणि दिवसा कोरा वाटणारा दगड बोलू लागतो. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून, खालून. प्रत्येक बाजूने वेगळी अक्षरं उठतात, म्हणून चारही फोटो हवेत. शेजारी मोजपट्टी ठेवायची. खडू, रांगोळी, पीठ, भस्म यांतलं काहीही अक्षरांत भरायचं नाही. ‘ते धुतलं की जातं’ हे खरं नाही, बारीक कण छिद्रांत राहतातच. ओल्या कागदाचा ठसा मात्र ज्याने जाणकाराच्या हाताखाली राहून शिकून घेतलं आहे त्यानेच घ्यावा. फोटो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जाणकारांना दाखवा. वाचन यायला वेळ लागेल. लागू दे. ज्यांना संध्याकाळपर्यंत ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो टाकायचे असतात, त्यांच्या हाती मी ब्रशसुद्धा देत नाही.

ऑइलपेंट संपूर्ण दगडाला फासणं हाही त्यातलाच प्रकार. काळा चकचकीत रंग दिला की दगड ‘सुरक्षित’ होतो असा समज आहे. आपला बेसॉल्ट कितीही टणक वाटला तरी जुना, झिजलेला दगड पाणी पितो आणि ते बाहेर टाकतो. जमिनीतून चढलेली ओल रंगाच्या थरामागे अडकते, मग पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्याबरोबर घोड्याचं तोंड, वीराचा हात निघून येतो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे सिमेंटचा चौथरा. विखुरलेले वीरगळ गोळा करायचे, एका ओळीत उभे करायचे आणि बुंध्याशी काँक्रीट ओतायचं. दिसायला छान दिसतं. पण वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या कप्प्यात वीर पडलेला किंवा लढताना असतो, गाई असल्या तर तो गोधनासाठी मेला हे कळतं. मग अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो. चौथऱ्यात नेमका तळाचा कप्पा गाडला जातो. वीर स्वर्गात गेलेला दिसतो, कशासाठी मेला ते काँक्रीटखाली. शिवाय सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात, पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात, आणि पुढे दगड काढायचा म्हटलं तर तो फोडल्याशिवाय निघत नाही.

दगड जिथे आहे तिथेच राहू द्या. वेशीवरचा वीरगळ वेशीचा, तळ्याकाठचा तळ्याचा. जागा हाही पुरावाच असतो. रस्त्याच्या कामात खरोखरच जाणार असेल तर आधी मूळ जागेचे फोटो, तोंड कुठल्या दिशेला होतं त्याची नोंद, ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवणं, आणि मगच हात लावणं. उभा करायचाच तर खड्ड्यात खडी, वाळू आणि दगडाच्या चिपा ठासून. स्थळ संरक्षित असेल, तर प्राचीन स्मारकांबद्दलचा १९५८चा केंद्राचा किंवा १९६०चा राज्याचा कायदा लागू होतो. तिथे परवानगीशिवाय तण उपटण्यापलीकडे काही करू नका.

तारेचा ब्रश नको. चरे पडतात आणि तुटलेल्या तारा दगडात गंजतात.

ॲसिड नको, अगदी ‘थोडंसं पाणी घालून’सुद्धा नको.

शेवाळ, माती काढायला साधं पाणी, नायलॉनचा किंवा जुना मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी पुरते. चिकटलेला दगडफुलाचा थर निघत नसेल तर सोडून द्या.

शेंदराचं प्रकरण नाजूक आहे. पिढ्यान्‌पिढ्या चढलेल्या पुटांखाली मूर्ती किंवा लेख असतो हे खरं, पण तो देव पूजेतला आहे. गुरवाला आणि गावाला विश्वासात घेतल्याशिवाय त्याच्या जवळही जायचं नाही. आणि गावाने होकार दिला तरी ते काम तज्ज्ञांचं: पारंपरिक शेंदरात शिसं असतं, कोरडा खरवडला की त्याची धूळ तुमच्या आणि शेजारी खेळणाऱ्या पोरांच्या पोटात जाते.