दुसऱ्याचं छापील पान, आपला कच्चा खर्डा

लिहिता लिहिता मध्येच कुणाची तरी कथा वाचायला घ्यावी आणि आपलं सगळं मिळमिळीत वाटायला लागावं, हे बहुतेक लिहिणाऱ्यांचं होतं. 'तुलना करू नका' हा सल्ला इथे कुचकामी आहे. मोजायला ठोस माप नसेल तेव्हा माणूस स्वतःला इतरांशेजारी उभं करून जोखतो, आणि तेही शक्यतो बरोबरीच्यांशी, असं लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं. धावणाऱ्याकडे घड्याळ असतं. परिच्छेद जमला की फसला हे सांगणारं घड्याळ नसतं. म्हणून तर थोर लेखकांपेक्षा आपल्यासोबत लिहायला लागलेल्याचं पुस्तक जास्त बोचतं. तेव्हा हाताशी स्वतःचं माप हवं.

आधी बोच नेमकी कुठे आहे ते एका ओळीत लिहा. 'ती माझ्यापेक्षा चांगली लिहिते' ही ओळ चालणार नाही, कारण तिचं काही करताच येत नाही. 'तिचे संवाद सरसर पुढे जातात, माझे रेंगाळतात' ही चालेल. ओळीत पुरस्कार, आवृत्त्या, फॉलोअर असलं काही आलं तर ती खोडून टाका. परीक्षक काही आपण नेमत नाही. कारागिरीची ओळ असेल तर मात्र तिच्यावर अर्धा तास घालवा.

बोचणाऱ्या लेखनातला १५० ते २०० शब्दांचा तुकडा हाताने उतरवून काढा. टाइप करू नका. हात सावकाश चालतो, त्यामुळे वाक्य कुठे वळलं ते कळतं. मग पेन्सिलीने खुणा करा: वाक्यागणिक शब्द किती, क्रियापदं कुठली, भावनेचं थेट नाव किती वेळा आलं. समजा त्या तुकड्यात भावनेचं नाव एकदाही नाही, नुसत्या कृती आहेत. आता आपला खर्डा बघा. तिथे असेल, 'मुलगा गेल्यापासून बाबा फार एकटे पडले होते.' तेच परत लिहा: 'बाबा अजूनही दर रविवारी त्याच्या सायकलीत हवा भरतात.' 'एकटे' हा शब्द गेला, त्याचं काम 'अजूनही'ने केलं. जिला आपण प्रतिभा म्हणून हात जोडत होतो, तिच्यातला बराचसा भाग असा शिकण्याजोगा निघतो. सगळा नाही, पण बराच.

हा सराव दोन कारणांनी फसतो. अख्खं प्रकरण घेतलं की खुणा राहतात बाजूला आणि वेळ कौतुकात जातो. विषयही त्यांचाच उचलला की नक्कल होते. पद्धत त्यांची घ्या, प्रसंग आपला.

तुलनेत आणखी एक घोळ असतो: समोरचं छापील पान पुनर्लेखन, संपादन, मुद्रितशोधन यांतून गेलेलं असतं आणि आपण त्याच्याशेजारी कालचा खर्डा ठेवतो. ही जोडीच चुकीची. त्यामुळे स्वतःचे जुने खर्डे पुसू नका. प्रत्येक पुनर्लेखनाची वेगळी फाइल ठेवा, नावात तारीख घाला. मन खट्टू झालं की सहा महिन्यांपूर्वीचा पहिला खर्डा आणि त्याचीच ताजी प्रत शेजारी शेजारी उघडा आणि किती विशेषणं उडाली ते मोजा.

रोजची एक वही ठेवा. तारीख, बसलेली मिनिटं, शब्द, आणि कुठे अडलं त्याची एक ओळ, एवढंच. १९व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पुस्तक सुरू करताना अशीच तारखांची वही आखून रोजची पानं नोंदवायचा; २५० शब्दांचं पान, आठवड्याला सरासरी ४० पानं. (४० वाचून चेहरा पडला असेल तर बघा, तुलना पुन्हा सुरू झाली. वही घ्या, आकडा त्याच्याकडेच राहू द्या.) पुनर्लेखनाच्या दिवशी शब्द कमी होतात, उणे आकडाही येतो, त्या दिवशी फक्त मिनिटं लिहा. सहा आठवड्यांच्या आत बेरीज करू नका, एखाद्या वाईट आठवड्यावरून भलताच निष्कर्ष निघतो.

क्रमही महत्त्वाचा: आधी लिहायचं, सोशल मीडिया नंतर. कादंबरीचा पहिला खर्डा चालू असताना त्याच प्रकारच्या कादंबऱ्या थोड्या लांब ठेवलेल्या बऱ्या. पण वाचन बंद करू नका. कविता, चरित्रं, काहीही वाचा.

आणि ओळखीच्या लेखकाचं पुस्तक आल्याची बातमी कळली की त्याच दिवशी दोन ओळींचं अभिनंदन पाठवून टाका, पुस्तकातली एखादी नेमकी गोष्ट घेऊन. पुस्तक वाचलं नसेल तर नुसतं अभिनंदन पुरे. आठवडा गेला की त्याच दोन ओळी लिहायला जड जातात, आणि मग आपण त्या माणसालाच टाळायला लागतो.